पाठकसाहेबांची बदली आणि फळं खाणारी पाखरं

फळबागेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. झाडाखाली उभं राहिलं की टोपीवर काही ना काही पडतंच, तसे ते पडतात. झटकले तरी डाग राहतो! मी मोताळ्याच्या रस्त्यावरच्या सरकारी बागेत कारकून होतो, तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमचे सगळे हुकूम नागपूरहून यायचे. हुकूम सावकाश यायचे, पाखरं मात्र अगदी वेळेवर यायची. अजूनही चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतोच, जोशी, तो पाखरांचा किस्सा सांगा. कोणता, म्हणून विचारलं तर प्रत्येकाच्या मनात वेगळाच असतो. म्हणून आज सगळे एका बैठकीत सांगून मोकळा होतो.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. ओव्हरसिअर पाठकसाहेब उंच, सडपातळ, आणि एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. खुर्चीत टेकले की पाय हलायचा. जेवता जेवता उठून खिडकीतून झाडं बघून यायचे. त्यांच्या बरोबर राहून मलाही ती खोड लागली, आता हे सांगतानासुद्धा माझा पाय हलतोय बघा. त्यांच्या या तगमगीचं कारण सगळ्या बागेला माहीत होतं. त्यांच्या पत्नी उमाबाई नागपूरला माहेरी होत्या. पहिलं बाळंतपण तिथं झालं, मूल जगलं नाही, आणि त्यानंतर बाई बागेत परत आल्याच नाहीत. मी आता तिकडे येणार नाही, एवढंच त्यांनी कळवलं होतं. त्यामुळे साहेबांना ध्यास एकच, नागपूरच्या सरकारी बागेत बदली मिळवायची. अर्ज इतके केले होते की त्याचा मसुदा मला झोपेतही म्हणता आला असता.

तिसरा आमचा राखणदार किसन. गळ्यात माळ, हातात गोफण, आणि तोंडाला कडी नाही.

* * *

राखणीची आमची रीत अशी. बागेच्या मधोमध मचाण आणि मचाणावर किसन. तिथून चारी दिशांना सुतळ्या गेलेल्या, आणि झाडाझाडांवर घासलेटचे रिकामे डबे टांगलेले. किसनने एक सुतळी ओढली की त्या बाजूचे डबे खणखणायचे, पाखरं उठायची, आणि उठून पलीकडच्या झाडावर जाऊन बसायची. मग पलीकडची सुतळी. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत हेच. नव्या माणसाचं डोकं उठायचं, जुन्याला मात्र डबे थांबले की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

पोपट त्या डब्यांना लवकर सरावले. आणि पोपटाची खोड अशी की एक फळ पुरतं खायचं नाही. चोच मारायची, टाकून द्यायचं, पुढचं धरायचं. एकदा पेरूच्या झाडाखाली अर्धवट फळांचा सडा पाहून साहेब भडकले. खायचं तर एक नीट खावं, ही कुठली रीत, नासाडी तरी किती करावी, असं ते बराच वेळ बोलत राहिले. बोलताना या झाडापासून त्या झाडापर्यंत येरझाऱ्या चालूच होत्या. किसन मचाणावरून बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "त्याले एका जागी करमत नाही. तुमाले ठाऊक हाय ते."

साहेब थबकले. मला वाटलं, आता किसनची नोकरी जाते. साहेब हसले, आणि पुन्हा चालायला लागले.

* * *

एकदा नागपूरहून हुकूम आला की बागेतली पाखरं नेमकं काय खातात ते शोधून काढा. रीतही लिहून दिली होती. पाखरू मारायचं, पोट फाडायचं, आत काय निघालं ते कळवायचं. आता आमच्याकडे साहेब रोज संध्या करणारे, मी त्यांच्याहून भित्रा, आणि किसनच्या गळ्यात माळ. बागेला बंदूक होती, पण ती आम्ही फक्त दसऱ्याला पुजायचो.

तोड साहेबांनीच काढली. पोटात शिरायचं कशाला, पोटातून जे बाहेर यायचं ते आपल्या पायानं खाली येतंच आहे! त्यांनी जुनी धोतरं मागवली आणि पाखरांच्या बसायच्या जागांखाली अंथरली. किसनने लक्ष ठेवायचं, कोणत्या धोतरावर कोणतं पाखरू बसलं ते. सकाळी शीट गोळा करायची आणि कुंडीत पेरायची. कुंड्यांवर खडूने नावं घातली, बुलबुल, कोकीळ, साळुंकी, हरियाल. जे उगवेल ते त्याने खाल्लं. सरकारी खात्यात इतका सोवळा शोध दुसऱ्या कुणी लावला असेल असं मला वाटत नाही.

आणि उगवलं हो! कोकिळेच्या कुंडीत चंदन आलं, साळुंकीच्या कुंडीत घाणेरी. हरियालाची कुंडी मात्र कोरडी. साहेब रोज तिच्यावर वाकून बघायचे, स्वतः पाणी घालायचे, पण कोंब काही दिसेना. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की हरियालाच्या पोटात बियांचं पीठच होऊन जातं. बाकीची पाखरं फळं खातात आणि झाडं लावत हिंडतात, हा एकटा मागे काही ठेवत नाही. साहेबांना ते भलतंच लागलं. आम्हाला त्यांचं मन कळत होतं, वाईटही वाटत होतं. न बोलता आम्ही ती कुंडी पाठीमागे नेऊन ठेवली.

बुलबुलाच्या कुंडीत काय आलं, तर मिरची! चांगली तरारून आली, फुलली, लागली. पाखराला तिखट लागत नाही म्हणतात, ते खरं असावं. पुढे एकदा किसनच्या बायकोने, गंगाने, साहेबांना भाकरी आणि ठेचा पाठवला. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी पुन्हा मागून घेतला, आणि मिरची कुठल्या वाफ्यातली म्हणून कौतुकाने विचारलं.

"वाफ्यातली नाही, साहेब," किसन म्हणाला. "बुलबुलाची हाय."

साहेबांचा घास हातातच राहिला. मी दुसरीकडे बघायला लागलो. मग त्यांनी उरलेला ठेचा भाकरीवर ओढून घेतला, निमूटपणे संपवला, आणि शोध पुरा झाला असं नागपूरला कळवायला सांगितलं.

* * *

बुलढाण्याहून एक नायब तहसीलदार शिकारीला यायचे. त्यांना हरियालाचं वेड. हरियाल म्हणजे पानाच्या रंगाचं कबूतर. वडाची फळं पिकली की थवेच्या थवे उतरतात, आणि माणसाची चाहूल लागली की आहेत तिथं गप्प बसतात, मग पान कोणतं आणि पाखरू कोणतं ते कळत नाही. हे पाखरू जमिनीला पाय लावत नाही, पाणी प्यायला उतरलं तरी पायात काडी धरून उतरतं, अशी आमच्याकडची समजूत. नायब तहसीलदारांना ती खोटी करून दाखवायची होती. एक हरियाल जमिनीवर पाडतोच, म्हणायचे.

एका दुपारी ते फाटकाजवळच्या मोठ्या वडाखाली आले. वड हरियालांनी भरलाय अशी किसनची खात्री होती. नायब तहसीलदारांनी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, बंदूक रोखून पाहिलं, मान दुखेपर्यंत पाहिलं. वरून फळं तेवढी टपटप पडत होती. अखेर ते वैतागून साहेबांना म्हणाले की या झाडात एकही पाखरू नाही, तुमचा माणूस थापा मारतो. काडतुसं काढून त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि चहा मागवला.

कपाला ओठ लागतात न लागतात तोच सगळा वड उडाला! नुसता पंखांचा फडफडाट आणि हिरवा-पिवळा लोंढा. चहा नायब तहसीलदारांच्या सदऱ्यावर.

"तुमच्या चहाचीच वाट पाहून राह्यले होते ते," किसन म्हणाला.

साहेब हसले नाहीत. ते थवा दिसेनासा होईपर्यंत बघत होते. पूर्वेला गेला, म्हणाले. मग घरी जाताना पुन्हा म्हणाले, जोशी, नागपूरच्या बाजूला गेला.

* * *

बागेतलं सगळ्यात लहान पाखरू म्हणजे फुलटोच्या. अंगठ्याएवढं. त्याला बांडगुळाची फळं प्रिय. त्या फळातलं बी असं चिकट असतं की पोटातून बाहेर आलं तरी सुटत नाही. मग हा गृहस्थ आंब्याच्या फांदीला ढुंगण घासून ते पुसतो, आणि पुसलं तिथं बांडगूळ रुजतं, आंब्याच्या जिवावर पोसतं. पोपटाने फळ नेलं तर एक फळ जातं, याच्या नादाने झाडच जातं.

आणि त्या वर्षी आंब्यांवर फारच अवलंबून होतं. आमच्या नव्या कलमांना पहिल्यांदाच फळ धरायचं होतं. उन्हाळ्यात नागपूरचं सगळं सरकार पचमढीला थंड हवेत जाऊन बसायचं. कलमांचे आंबे तिथं माझ्या टेबलावर आले तर तुमच्या बदलीचं बघतो, असं नागपूरच्या बड्या साहेबांनी पाठकसाहेबांना तोंडी कबूल केलं होतं. तेव्हापासून पाठकसाहेब त्या झाडांना मुलासारखं जपत होते.

कलमांशेजारच्या जुन्या गावरान आंब्यावर बांडगुळांचे झुपके होते. तिथून बी कलमांवर जाणार हे उघड होतं. मजूर यायला उशीर झाला तर साहेबांना दम कुठला! स्वतःच कोयता घेऊन शिडीने वर चढले. खाली किसनला वाटलं साहेब उतरून गेले, त्याने शिडी उचलून विहिरीकडे नेली. आणि नेमके त्याच वेळी नागपूरचे इन्स्पेक्टर दौऱ्यावर आले.

ओव्हरसिअर कुठे आहेत, त्यांनी विचारलं. मी वर बोट दाखवलं. इन्स्पेक्टर माणूस भला होता. त्यांनी मान वर करून बागेची चौकशी केली, वरून साहेबांनी नीट उत्तरं दिली. पाणी किती, खत कधी, कलमं कशी, सगळं झालं. मग इन्स्पेक्टर म्हणाले की तुमचे अर्ज पाहिले, इथं काम इतकं चांगलं चाललंय, मग इथून निघायची एवढी घाई कशाला?

वर पानं हलली.

"घाई आहे, साहेब," वरून उत्तर आलं, "पण शिडी नाही."

* * *

फाल्गुनात पळस फुलला की भोरड्या यायच्या. गुलाबी अंग, काळं डोकं, साळुंकीच्याच जातीचं पाखरू, पण कधी एकटं दिसायचं नाही. आकाशात काळा पट्टा वळायला लागला की समजावं, आल्या. पिंपळ, उंबर, तुती, जे पिकलं असेल ते त्यांना चालतं. शेतात उतरल्या तर ज्वारीही. आज हे झाड, उद्या ते गाव, आणि एका सकाळी बघावं तर एकही नाही.

अशाच एका संध्याकाळी त्यांचा थवा डोक्यावरून जात होता. आवाज असा की जणू कुणी सुपात खडे पाखडतंय. साहेबांनी मला विचारलं, या जातात कुठे? मी वाचलेलं सांगितलं, फार लांब, डोंगरांपलीकडे, आपल्या देशाबाहेर. पिल्लं तिकडे होतात.

"बरं हाय त्यायचं," किसन म्हणाला. "अर्ज नाही करा लागत."

दिवा लागल्यावर साहेबांनी मला बोलावलं आणि नवा अर्ज लिहायला बसवलं.

* * *

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो.

मलकापूरला उमाबाईंच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. लग्न आटोपल्यावर, इतक्या जवळ आलेच आहे तर चार दिवस येते, असा बाईंचा निरोप आला. साहेबांनी घर सारवून घेतलं, पुन्हा सारवून घेतलं, गादी उन्हात टाकली, काढली, परत टाकली. बाईंची बैलांची दमणी फाटकातून आत आली तेव्हा ते घराच्या मागच्या बाजूला होते, कारण पुढच्या बाजूला उभं राहवत नव्हतं. बाई उतरल्या आणि कुणाकडे न बघता आत गेल्या. दिवसभर बाहेर आल्या नाहीत. साहेब अंगणात चकरा मारत राहिले.

कलमांचे आंबे तेव्हा पाडाला येत होते. पोपटांनी उच्छाद मांडला होता, कोकीळ होते, साळुंक्या होत्या. किसनच्या जोडीला मीही सुतळी ओढायला बसत होतो. आंबे टिकले तर पचमढी, आणि पचमढी झाली तर नागपूर, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

दुसऱ्या सकाळी बाई गंगाबरोबर विहिरीवर गेल्या. विहिरीच्या काठी जुना पिंपळ होता, आणि त्याच्या ढोलीत धनेशाचं जोडपं. राखाडी अंग, लांब शेपूट, चोच ही भली मोठी आणि वाकडी. या पाखराची तऱ्हा अशी की अंडी घालायच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते. चोच बाहेर काढता येईल एवढी फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, तिला उडताही येत नाही. नर बाहेरून उंबर, पिंपळाची फळं आणतो आणि फटीतून भरवतो.

"बाई, वर पाहा," गंगा म्हणाली. "बाळंतीण हाय ते. लिंपून घेतलं तिनं सोताले. पिल्लं मोठे झाल्याबिगर निघत नाही."

बाई कळशी खाली ठेवून वर बघत राहिल्या. नर आला, चोचीत उंबर. फटीतून मादीची चोच बाहेर आली. नेमकी त्याच वेळी मचाणावर किसनने सुतळी ओढली. पिंपळाशेजारचे डबे खणखणले आणि नर उंबर टाकून पळाला. फटीतली चोच तशीच उघडी राहिली.

बाई तरातरा मचाणाखाली आल्या. आल्यापासून आमच्यापैकी कुणाशीही त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

"ते वाजवणं बंद करा," त्या म्हणाल्या. "तिला खायला मिळत नाहीये."

किसनने माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे. साहेब कलमांच्या रांगेत उभे होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पुढे झालो, बाईंना नीट समजावून सांगावं म्हणून, की पोपट, आंबे, पचमढी, बदली. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात अजून आठवतो, कारण त्या माणसाचा हात न हलता राहिलेला मी तेव्हाच पाहिला.

"किसन," ते म्हणाले, "सुतळ्या सोडून टाक."

बाग एकदम गप्प झाली. पहिले काही दिवस आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. पोपटांनी मात्र नुसती दिवाळी केली! चोच मारलेले आंबे कलमांखाली पडायला लागले. साहेब सकाळी त्यातून चालत जायचे. किसन मचाणावर हात बांधून बसायचा आणि माझ्याजवळ चिडचिड करायचा, साहेब काऊन असं करून राह्यले म्हणून. मला उत्तर माहीत होतं आणि धास्तीही वाटत होती. चार दिवस झाले की बाई जाणार, मग साहेबांकडे आंबेही नाहीत आणि नागपूरही नाही.

चार दिवस झाले. बाईंनी जायचं नाव काढलं नाही. पिंपळाखाली चटई टाकून बसायच्या, डाळ निवडायच्या, नर येऊन गेला की गंगाला सांगायच्या की आत्ता उंबर आणलं, आत्ता काहीतरी किडा होता. मलकापूरचा माणूस परत न्यायला आला, त्याला जेवू घालून त्यांनी रिकामाच पाठवला. हळूहळू साहेबही चटईच्या कडेला टेकायला लागले. पिल्लांचा आवाज ढोलीतून पहिल्यांदा आला तेव्हा बाई धावत स्वयंपाकघराच्या दारात गेल्या आणि साहेबांना ताटावरून उठवून घेऊन आल्या.

पचमढीला पाठवायला कलमांवर एक टोपलीसुद्धा धड निघाली नाही. साहेबांनी काहीच पाठवलं नाही.

मग इन्स्पेक्टर आले. या वेळी गाडीतून उतरलेही नाहीत. फाटकाशीच त्यांनी साहेबांना सांगितलं की बडे साहेब फार नाराज आहेत, बदलीचा विषय संपला, पुन्हा अर्ज करू नका. मी शेजारीच उभा होतो. साहेबांनी ठीक आहे म्हटलं, नमस्कार केला आणि वळून सरळ पिंपळाकडे चालायला लागले. मला राहवेना, मीही मागोमाग गेलो.

बाईंची नजर वर ढोलीवर. साहेब चटईवर जाऊन बसले.

"कोण आलं होतं?" बाईंनी विचारलं.

"नागपूरचे इन्स्पेक्टर," साहेब म्हणाले. "विचारत होते, तिकडे बदली करून देऊ का म्हणून."

नर आला. फांदीवर बसला, मान वाकवली, फटीत फळ दिलं. आतली चिरचिर वाढली आणि मग थांबली.

"नको म्हणून सांगा," बाई म्हणाल्या. "पिल्लं अजून लहान आहेत."

साहेब माझ्याकडे वळले. गाडी अजून फाटकातच होती, बैल वळवत होते.

"जोशी, ऐकलंत ना? पळा, निरोप द्या," ते म्हणाले.

मी पळत गेलो, गाडी थांबवली, आणि इन्स्पेक्टरांना सांगितलं की पाठकसाहेबांना बदली नको आहे.